चिंचेनं घासलेली गोळी

नातेवाइकांना मी नेमकं काय करते हे इतक्या वर्षांत कळलेलं नाही. नाशिकची माझी मावशी लग्नाकार्यात माझी ओळख ‘म्हैसूरला कॅन्सरची डॉक्टर’ अशी करून देते आणि मग लोक मला कोपऱ्यात घेऊन आपापल्या गाठी दाखवतात. मी डॉक्टर नाही. रेडिओथेरपीचं मशीन जिथे मारा करायचा तिथेच करतंय की भलतीकडे, एवढं बघणं माझं काम. मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई आहे. रोज सकाळी साडेसहाला विजयनगरातल्या घरातून निघते आणि पेशंट यायच्या आत एका गोळीची सावली मोजते. हे सांगितलं की मावशीचा चेहरा पडतो, म्हणून हल्ली मी डॉक्टर म्हणवून घेते. गप्प राहिलं की खोटं आपोआप पुढे चालतं, हे मी तिथेच शिकले असावे.

गोळीचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून आहे. मशीनचा मोठा हात पेशंटभोवती गोल फिरतो. पेशंट ज्या टेबलावर झोपतो ते टेबलही डावीउजवीकडे फिरतं. दोघं कसेही फिरले तरी त्यांचा मधला बिंदू एकच राहायला हवा. तो हवेतला बिंदू, कुणाला दिसत नाही. डोक्यातली गाठ नेमकी त्या बिंदूवर आणून ठेवायची असते. म्हणून आम्ही टेबलाच्या टोकाला एक दांडी बसवतो आणि दांडीच्या टोकावर मिरीएवढी धातूची गोळी. भिंतींवरून आणि छतावरून लेझरच्या लाल रेघा येतात, त्या गोळीवर जुळवायच्या. पितळेचे बारीक स्क्रू असतात, ते फिरवून गोळी केसभर इकडे, केसभर तिकडे करायची. मग हात फिरवत, टेबल फिरवत फोटो काढायचे. किरणांच्या चौकोनात गोळीची सावली मधोमध पडली की ठीक. एक मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली तर त्या दिवशी डोक्याचा पेशंट टेबलावर घ्यायचा नाही. एक मिलिमीटर म्हणजे शाळेच्या पट्टीवरचं सगळ्यात लहान घर. माझा पगार त्या एका घरासाठी आहे.

त्या खोलीत माझ्याआधी रोज एकच माणूस पोचलेलं असायचं, ते म्हणजे आमच्या विभागाची आया. मी तिला अक्का म्हणायचे, सगळेच म्हणायचे. पन्नाशीची, बारीक चणीची, लादी पुसताना गुणगुणणारी. मी त्या विभागात नवीन असताना एकदा आईशी फोनवर बोलत होते, तर ही पोछा हातात घेऊन समोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, तुमी मराठी काय? आमीपण मराठीच. आमच्या आजोबांचे आजोबा इकडं आले, अरमनेत, म्हणजे राजवाड्यात, शिंपी होते. आता आमची मराठी म्हणजे स्वल्प मराठी, स्वल्प कन्नड. तुमी हसू नका.”

मी हसले नाही. सात-आठ वर्षं त्या गावात राहून मला कानडी धड येत नव्हतं आणि नवऱ्याच्या ऑफिसातली मराठी मंडळी गणपतीपुरती भेटायची. सकाळच्या त्या तासाभरात अक्काशी मराठीत बोलायला मिळायचं याचं मला फार सुख होतं. चामराजपुरममध्ये एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती राहायची. नवऱ्याला अर्धांगवायू झालेला, तो खाटेवर. घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चाललेलं, आणि नोकरी कंत्राटाची. नको म्हटलं की संपली.

गोळीवर तिचा भारी जीव. “हा तर तुमचा शाळिग्राम, अल्वा, हो ना?” असं ती म्हणायची. मी स्क्रू फिरवायला लागले की पोछा थांबवून दाराशी उभी राहायची, जणू आत पूजा चाललीय. शिंप्याच्या घरातली पोर, हात शिवणाचा. गोळी एका कळकट प्लास्टिकच्या डबीत असते हे तिला बघवेना. एक दिवस निळ्या मखमलीची पिशवी शिवून घेऊन आली, आतून फलाटीनचं अस्तर, वर ओढायची नाडी. दवाखान्यातल्या लाखमोलाच्या यंत्रसामग्रीत कुणी प्रेमाने केलेली तेवढी एकच वस्तू होती.

आता माझं सांगते.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून टेबल फिरवलं की गोळी सरकायला लागली होती. टेबल सरळ असताना आकडे चोख. टेबल आडवं फिरवलं की एक पॉइंट दोन, कधी एक पॉइंट तीन. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी आमच्या मुख्य भौतिकशास्त्रज्ञांकडे गेले. मी त्यांना सर म्हणते. वागायला सज्जन, बोलायला मऊ, आणि कटकट नको म्हणून काहीही करायला तयार. त्यांनी मला खुर्चीत बसवून समजावलं की कंपनीच्या इंजिनियरला बोलावलं की मशीन दोन दिवस बंद, रोजच्या पेशंटांचे खाडे पडणार, वरून विचारणा होणार. त्यापेक्षा वाटून घे. म्हणजे काय, तर स्क्रूने गोळी मुद्दामच थोडी बाजूला घ्यायची. मग टेबल सरळ असताना आकडा थोडा बिघडतो, फिरवल्यावर थोडा सुधारतो आणि दोन्हीकडे एकाच्या आत बसतो. पॉइंट नऊ, पॉइंट नऊ. कागदावर सगळं हिरवं.

आमच्या विभागात या प्रकाराला ‘वाटून घेणं’ असंच म्हणत, आणि म्हणताना कुणाला लाज वाटत नसे. ज्या गोळीने चूक दाखवायची तिलाच आम्ही चूक झाकायला लावलं होतं. युक्ती सरांची, हे खरं. पण स्क्रूवर बोटं माझी होती आणि कागदावर सह्याही माझ्याच. त्या चार-पाच महिन्यांत टेबल फिरवून उपचार केलेले डोक्याचे पेशंट थोडेच होते. थोडेच होते असं मी तेव्हाही मनाशी म्हणायचे.

मग दसरा आला. म्हैसूरचा दसरा म्हटलं की बाहेरच्यांना हत्ती आठवतो. इथे राहणाऱ्याला आठवते ती नवमीची आयुधपूजा. त्या दिवशी गावातलं प्रत्येक यंत्र न्हाऊन-माखून बसतं. रिक्षा, पिठाची गिरणी, झेरॉक्सचं मशीन, शिंप्याची कात्री, सगळ्यांना शेवंतीचे हार आणि हळदीकुंकवाची बोटं. आमचं मशीनही सुटत नाही. कोट्यवधींचं अमेरिकन धूड, पण त्याच्या हाताला हार घालतात, दाराला केळीचे खुंट बांधतात, आणि खोलीच्या उंबऱ्यावर कोहळा फोडून त्यात कुंकू कालवतात. डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे हात जोडून उभे असतात. मला ते आवडायचं. अजूनही आवडतं, हे कबूल करते.

“शाळिग्रामाला पण ठेवू या ना, मॅडम,” अक्का म्हणाली. “खरं आयुध तर ते.”

मी दिली. मीच माझ्या हाताने मखमली पिशवीतून गोळी काढली, दांडी आणि स्क्रूंच्या चौकटीसकट पाटावर ठेवली. भटजींनी तिच्यावर कुंकू उधळलं, अक्षता टाकल्या. पूजा आटपली, चुरमुऱ्यांचे पुडे वाटून झाले, सगळ्यांना घरी जायची घाई. मला विजयनगरला जाऊन घरच्या गाड्यांची पूजा करायची होती. जाताना मी अक्काला म्हटलं, “अक्का, तेवढी गोळी पुसून ठेवाल का? कुंकू राहिलं तर फोटोत येईल.” खरं तर कुंकू फोटोत येत नाही. पण मला घरी जायचं होतं.

मध्ये विजयादशमीची सुट्टी. त्यानंतरच्या सकाळी मी पोचले तेव्हा ती दाराशीच उभी होती.

“हुणसे लावून घासलं मॅडम, चिंच. देवाची भांडी घासतो तसं. सुम्ने, नुसतं पुसून लाली जाईना. कसं लखलख आहे बघा!”

पितळेचे स्क्रू खरंच नवे दिसत होते. गोळीला चिंचेचा वास येत होता. मी हसले आणि तिला म्हटलं, “अक्का, तुम्ही म्हणजे ना!” मला राग आला नाही. येण्याचं कारणही नव्हतं. गोळी टेबलावर बसवली की लेझरच्या रेघांवर ती मलाच नव्याने जुळवावी लागते, रोज, शून्यापासून. आदल्या दिवशी तिला कुणी घासलं, कुणी पाडलं, कुणी तिच्यावर कुंकू उधळलं, याने काडीचा फरक पडत नाही. ही एवढीशी गोष्ट लक्षात ठेवा. मी त्या दिवशी दुपारपर्यंत ती विसरून दाखवली.

त्या दिवशीचा पहिला पेशंट टी. नरसीपूरहून आलेले एक निवृत्त शाळामास्तर होते. डोळ्याच्या नसेला खेटून गाठ, एकदाच मोठा डोस द्यायचा, तोही टेबल फिरवून तीन-चार बाजूंनी. त्यामुळे पूर्ण चाचणी करणं भाग होतं. मास्तर बाहेर बाकावर धुतलेला पांढरा शर्ट घालून बसले होते.

टेबल सरळ ठेवून मशीनचा हात चारी बाजूंनी फिरवला. पॉइंट दोन. झकास. मग टेबल फिरवलं आणि आकडा आला एक पॉइंट सात.

मी पुन्हा केलं. एक पॉइंट सात. मग, सवयीने, स्क्रूकडे हात गेला आणि मी वाटून घ्यायला बसले. कितीही वाटलं तरी एक पॉइंट दोनच्या खाली येईना. इतके महिने ज्याला आम्ही भागून भागून लपवत होतो ते आता भागण्यापलीकडे गेलं होतं. मी बाहेर जाऊन मास्तरांना जरा वेळ लागेल म्हणून सांगितलं, आणि सरांना बोलावलं.

सर आले. आकडे पाहिले, मग वाकून गोळीकडे पाहिलं.

“हे स्क्रू कुणी पॉलिश केले?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“अक्कांनी. पूजेनंतर. मीच पुसायला सांगितलं होतं.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला सुटका हाच शब्द आहे. “झालं तर मग. गोळी हलली.”

“सर, टेबल सरळ असताना गोळी बरोबर आहे. गोळी हलली असती तर तिथेही दिसलं असतं.”

मला अजून आठवतं, मी त्यांना कागदावर वर्तुळ काढून दाखवलं. जात्यावर दाणा कुठेही पडू दे, जातं फिरवलं की तो मधल्या खुंट्याभोवतीच फिरणार. दाण्याची वाट बघून खुंटा कुठे आहे ते सांगता येतं. मी गोळीची वाट मोजली होती, आणि खुंटाच सरकला होता. टेबलाचा खुंटा, पूर्ण एक पॉइंट दोन मिलिमीटर, आणि टेबल आडवं झालं की तेच गोळीवर एक पॉइंट सात दिसत होतं. त्यात गोळीचा दोष नव्हता, चिंचेचा नव्हता, त्या बाईचा तर नव्हताच. सरांना हे माझ्याइतकंच कळत होतं. मला हे सगळं त्यांनीच शिकवलेलं.

त्यांनी कागद उलटा केला. “टेबल म्हटलं तर ते कधीपासून, असं विचारतील. मागच्या महिन्यांचे फोटो मागवतील. त्यावर सही कुणाची आहे?”

सही माझी होती.

“गोळी म्हटलं तर परवा दुपारी सुरू झालं आणि आज सकाळी सापडलं. कुणा पेशंटला काही झालेलं नाही. उलट आपली चाचणी चोख आहे हे सिद्ध झालं. विचार कर.”

मी विचार केला. फार नाही, मशीनचा पंखा एकदा चालू होऊन बंद होतो तेवढा वेळ. माझा परवाना, माझी नोकरी, चौकशी, नाशिकला कळणं. मास्तरांना घरी पाठवलं. टेबल उघडायला बेंगळुरूहून इंजिनियर त्याच दुपारी आला. खालच्या बेअरिंगचे बोल्ट ढिले झाले होते. त्याने ते आवळले, आणि कागदावर ‘नेहमीची देखभाल’ असं लिहिलं. सरांनी त्याला तसं सांगितलं होतं, त्याला काय त्याचं. दुसऱ्या दिवशी मास्तरांचे उपचार झाले, आकडे सुंदर होते.

घटनेचा अहवाल एका पानाचा होता. ‘चाचणीचे उपकरण अनधिकृत व्यक्तीने हाताळल्यामुळे मोजमापात त्रुटी आढळली, उपकरण बदलण्यात येत आहे, संबंधित व्यक्तीवर योग्य ती कारवाई व्हावी.’ खाली सरांची सही आणि शेजारी माझ्या सहीसाठी जागा. मी ते पान दोनदा वाचलं. त्यात एक शब्दही धडधडीत खोटा नव्हता, अशा बेताने ते लिहिलेलं होतं. उपकरण हाताळलं होतं. त्रुटी आढळली होती. दोघांच्या मधला ‘मुळे’ तेवढा खोटा होता, आणि मी त्याखाली सही केली.

कंत्राटदाराचा माणूस येऊन अक्काला घेऊन गेला. संध्याकाळी ती मला जिन्यात गाठायला आली. रडत नव्हती. घाबरलेली होती, आणि त्याहून जास्त गोंधळलेली.

“मॅडम, मी स्क्रूला हात लावला, पण फिरवला नाही. देवाशपथ. त्यांना सांगा ना. तुमी सांगितलं तर ऐकतील, तुमाला ते मशीन कळतं. तुमी एकदाच म्हणा, हिनं बिघडवलं नाही म्हणून. मग काढलं तर काढू देत.”

नोकरी तर ती मागतच होती. पण आधी मागत होती ते हे एक वाक्य. ते माझ्याजवळ तयार होतं, वर्तुळासकट, कागदावर काढलेलं. मी म्हटलं, “बघते अक्का, बोलते मी सरांशी.”

मराठी बोलणाऱ्या सुशिक्षित माणसाचं हे वाक्य म्हणजे काय असतं ते मराठी माणसाला कळतं. तिची मराठी स्वल्प होती, तिला कळलं नाही. पुढचे दोन दिवस ती सकाळी नेहमीच्या वेळेला आली, मुख्य दाराबाहेरच्या चाफ्याखाली डबा मांडीवर घेऊन बसली. मी मागच्या दाराने आत गेले. तिसऱ्या दिवशी ती नव्हती, आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा हायसंच वाटलं.

नवी गोळी आली. जुनी, मखमली पिशवीसकट, सरांनी टाकून दिली. पूजेबद्दल परिपत्रक निघालं की यापुढे हार-कुंकू खोलीच्या दाराबाहेर, उपकरणांना कुणी हात लावायचा नाही. नवी आया आली. ती खाली मान घालून पुसते आणि जाते. मी तिच्याशी बोलत नाही, कानडी येत नाही असं सांगते.

त्या महिन्यांतल्या पेशंटांच्या फायली मी एकदा सरांना न सांगता उघडल्या. बहुतेकांचं ठीक होतं. निदान नंतरच्या तपासण्यांत तसं लिहिलेलं होतं. एक बाई पुन्हा आल्याच नव्हत्या. आल्या नाहीत याचा अर्थ काहीही होऊ शकतो. त्या बऱ्या झाल्या असतील, दुसरीकडे जात असतील. मी फाइल बंद केली. फोन नंबर होता त्यात, मी तो लावला नाही.

पुढच्या दसऱ्याला पूजा दाराबाहेर झाली. कोहळा फुटला, चुरमुऱ्यांचे पुडे वाटले. माझ्या वाट्याचा पुडा हातात घेतला आणि काय झालं कुणास ठाऊक, मी गाडी विजयनगरकडे न वळवता चामराजपुरमला नेली. माझ्या मनात सगळं सांगून टाकायचं होतं, असं मला आता वाटतं. वाटेत मी वाक्यंसुद्धा जुळवली होती. अक्का, तुमची काही चूक नव्हती. टेबल बिघडलेलं होतं. मला माहीत होतं.

घर सापडलं. मागच्या अंगणात तिचं शिवणाचं मशीन होतं, त्याला शेवंतीचा हार आणि कुंकू. साड्यांना फॉल लावायचं काम घरी आणते, म्हणाली. नवरा खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. माझ्याकडे पाहून तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी तयार होते. राग आला असता तर सोपं झालं असतं. तिला आनंद झाला. तिने मला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, कॉफी केली. चुरमुऱ्यांचा पुडा कपाळाला लावून देवापुढे ठेवला. मी काय बोलायचं ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून घेतलं, पण तीच आधी बोलली.

“मॅडम, एक विचारू? त्या दिवशी ते मास्तर होते ना, पांढरा शर्ट. ते बरे आहेत?”

“हो. बरे आहेत. दिसतं त्यांना.”

“आणि त्याच्या आधी कोणी? मी हात लावल्यावर कोणी झोपलं होतं त्या टेबलावर?”

“नाही अक्का. कुणीच नाही.”

तिने डोळे मिटले. मग सांगितलं की ती वर्षभर दर अमावास्येला बसने टी. नरसीपूरला जाते, तिथे दोन नद्या मिळतात तिथे बुडी मारते आणि येते. कुणा पेशंटचं आपल्या हातून वाईट झालं असेल तर ते फिटावं म्हणून. नवऱ्याला शेजारणीवर सोपवून जाते. मी कप हातात धरून ऐकत होते. मला वाटलं होतं, नोकरी गेल्याचं दुःख घेऊन ती बसली असेल. ते होतंच. पण त्याहून जड असं काहीतरी तिच्या डोक्यावर आम्ही ठेवलं होतं, एका पानाच्या कागदाने, आणि ते तिने वर्षभर इमानाने वाहिलं होतं. माझं ओझं ती वाहत होती आणि मी मागच्या दाराने ये-जा करत होते.

“मी पुष्कळ वेळा करून बघते,” ती म्हणाली. तिने चमचा उचलला, डाव्या हातात धरला, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने त्याला चिंच लावल्यासारखं घासून दाखवलं, अगदी सावकाश. “असं धरलं होतं. असं घासलं. फिरवल्याचं आठवत नाही. पण घासताना आपोआप फिरला असेल, अल्वा? स्वल्पच. तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, फिरला असेल?”

आता तरी, असं मी स्वतःला म्हटलं. तोंड उघडलं. खाटेवर नवरा कण्हला, तिने एकदा तिकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. सांगितलं तर ती विचारणार होती, मग तेव्हा का नाही बोललात. दुसरं काही नाही, एवढंच ती विचारणार होती. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे होतं.

“असेल,” मी म्हटलं.

तिने मान हलवली, दोनदा. आणि तिचे खांदे खाली आले.

“मग बरं झालं काढलं मला. कोणाच्या डोळ्यावर आलं असतं.”

कॉफी संपली होती. तिच्याकडे बघवेना म्हणून मी कप विसळायला उठले, तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

“पर्वागिल्ला मॅडम, असू दे,” ती म्हणाली. “ठेवा. मी घासते.”